जमा करायची राहिलेली प्लेट

३ फेब्रुवारी

खारू,

तुझा पत्ता बाबांच्या पाकिटात सापडला. गाडी चालवायच्या परवान्याच्या मागे एक घडी केलेला कागद होता. घड्या इतक्या झिजल्या होत्या की उघडल्यावर त्याचे चार तुकडे माझ्या हातात आले. म्हणजे तू कुठे असतोस हे त्यांना ठाऊक होतं आणि मला सांगितलं नव्हतं. मी रागावणार होते, पण रागवायला माणूस उरला नाही.

ते गेले त्याला दीड महिना झाला. मावशीने सगळीकडे फोन केले होते, तुलाही कळलं असणारच. का आला नाहीस ते विचारायला हे पत्र नाही. फार वेळ लागला नाही त्यांना. दुकानाच्या पायरीवर बसले, "जरा दम खातो" म्हणाले, आणि मग दवाखान्यात दोन दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडून मला म्हणाले, "जमा करायची राहिलीय." तेवढंच. कातरलेल्या जुन्या नंबरप्लेटींचं महिन्याचं पोतं आरटीओच्या ऑफिसात द्यायचं राहिलं होतं, म्हणून मी म्हटलं, "मी देते, तुम्ही पडा." ऑफिसातल्या खिडकीवरच्या भाऊजींना सांगितलं तर ते हसले आणि रडलेही. म्हणाले, "वहिनी, असा माणूस बघितला नाही. जातानासुद्धा कातरलेल्या प्लेटींची काळजी."

आता कामाचं. दुकानाचा परवाना बाबांच्या नावावर होता, तो त्यांच्याबरोबर संपला. माझ्या नावावर करायचा अर्ज मी दिला आहे. गेली बारा वर्षं प्लेटीवर आकडे उठवायची प्रेस मीही दाबते हे ऑफिसला माहीत आहे, त्यामुळे भाऊजींना त्यात अडचण वाटत नाही. पण आधी मयताच्या नावावर जे जे आहे ते बंद करावं लागतं. कोऱ्या प्लेटी मोजून दाखवल्या. ठसे दाखवले. राहिली ती आपली पांढरी गाडी. मला चालवता येत नाही, तू इथे नाहीस, ती अंगणात कापडाखाली उभी आहे आणि तिच्यात मांजर व्यालं आहे. म्हटलं, भंगारात देऊन टाकू. भंगारात द्यायची तर नियम तुला पाठ आहेच. दोन्ही प्लेटी काढून जमा करायच्या, पावती घ्यायची, आणि मगच भंगारवाला गाडीला हात लावतो.

मी दोन्ही काढून नेल्या. रिव्हेट मीच तोडले. भाऊजींनी त्या उलट्या करून भिंग लावलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. मागची प्लेट जुनी आहे. पुढच्या प्लेटीवरचा कोऱ्या प्लेटींच्या लॉटचा शिक्का त्यानंतर सहा वर्षांचा आहे. "वहिनी, ही पुढची बदललेली आहे. मग जुनी कुठंय? आमच्याकडे जमा झालेली दिसत नाही."

मी म्हटलं, मला माहीत नाही, मुलाला विचारून सांगते.

म्हणून विचारते. पुढची प्लेट कधी बदलली होती, आणि जुनीचं काय झालं? जुनी हरवली असेल तर मला तसं शपथेवर लिहून द्यावं लागेल, केव्हा आणि कुठे हरवली त्यासकट. सापडली तर आणून द्यावी लागेल. ५ मार्चपर्यंत मुदत आहे. त्यानंतर परवान्याचा अर्ज रद्द होतो आणि दुकानाला सील लागतं.

काल सोमवार, दर महिन्याला दुकानात येतात ते शिंपी येऊन गेले. बाबांचा एप्रन मला घोट्यापर्यंत येतो. त्यांनी तो बघितला आणि मान हलवत म्हणाले, "बाई, असं मशीनजवळ उभं राहू नका, लोळतोय तो, अडकायचा कशात तरी." आणि मापाला म्हणून घेऊन गेले.

उत्तर पाठव. फोन केलास तरी चालेल, दुकानाचा नंबर तोच आहे.

आई


११ फेब्रुवारी

खारू,

तुझं पत्र मिळालं. "हरवली म्हणून लिहून दे. मला पत्र पाठवू नकोस." आठ शब्द. तीन वर्षांनी. मी ते एवढ्या वेळा वाचलं की मांजरही कंटाळून उठून गेलं.

तुला आठवतं का, मला वाचता येत नव्हतं ते? लग्न होऊन आले तेव्हा आकडेसुद्धा येत नव्हते. बाबांनी ठसे हातात दिले आणि म्हणाले, हा सात, हा चार, हा नऊ. पण ठसे उलटे असतात हे सांगायचं विसरले. दोन महिने मी सगळी अक्षरं उलटीच ओळखत होते. रस्त्यावरच्या पाट्या बघून मला वाटायचं, ह्या लोकांना लिहिता येत नाही. ते कळल्यावर बाबा इतके हसले होते की त्यांना खाली बसावं लागलं. पुढे तू शाळेत जायला लागलास आणि तुझ्या पुस्तकातून मी बाकीचं शिकले, तू पुढे आणि मी एक धडा मागे. तू झोपलास की तुझं दप्तर उघडायचे. आता वाचनालयातली बाई मला नवीन पुस्तक आलं की बाजूला काढून ठेवते. सांगायचं काय, तर आठ शब्दांत किती असतं ते मला वाचता येतं. तू "माहीत नाही" असं लिहिलेलं नाहीस.

आज शिंप्यांबद्दल लिहिते. तू त्यांना कधी पाहिलेलं नाहीस. ते पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा तुला जाऊन दोन आठवडे झाले होते.

त्यांची बायको शाळेत शिपाई होती. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन फाटक उघडायची, वर्ग झाडायची, घंटा द्यायची. अठरा नोव्हेंबरला, सव्वासहाच्या सुमाराला, धुकं होतं, ती रस्त्याच्या कडेने चालली होती आणि तिला गाडीने उडवलं. गाडी थांबली नाही. दूधवाल्याने लांबून पांढरी गाडी जाताना पाहिली. मागच्या प्लेटीवरचे शेवटचे दोन आकडे त्याला दिसले, सात आणि चार. बाकीचे धुक्यात गेले. ती बाई गटाराच्या पलीकडे फेकली गेली होती, त्यामुळे दूधवाल्याला ती दिसलीच नाही. तो आपला पुढे गेला. परत येताना त्याला किल्ल्या दिसल्या, रस्त्यावर पडलेल्या, शाळेच्या. मग त्याने वाकून बघितलं. डॉक्टर शिंप्यांना म्हणाले, ती चाळीस मिनिटं जिवंत होती. लगेच आणली असती तर काही सांगता आलं असतं.

पोलिसांनी सात-चारच्या पांढऱ्या गाड्या शोधल्या. आपलीही बघून गेले. पुढची प्लेट सरळ होती, बंपर स्वच्छ होता. वर बाबांना सगळी चौकी ओळखत होती, त्यांच्या गाड्यांच्या प्लेटी आपणच करतो. चहा पिऊन गेले.

शिंप्यांनी मात्र आपल्या डोक्याने विचार केला. ठोकर बसली तर पुढची प्लेट वाकणार. वाकली तर बदलावी लागणार. बदलायची तर प्लेट करणाऱ्याकडेच यावं लागणार, आणि गावात प्लेटी करणारे आम्ही चौघंच. म्हणून ते चारही दुकानांत जायला लागले. आपल्याकडे महिन्याचा पहिला सोमवार. येऊन स्टुलावर बसतात, गळ्यातली टेप बोटाला गुंडाळतात आणि विचारतात, "सात-चारची कुणी आणली होती का हो? उशिरा का होईना?" बाकीच्या तिघांनी त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. बाबांनी तसं कधी सांगितलं नाही. "आमच्या पुस्तकात नाही," म्हणायचे. खरंच होतं, पुस्तकात नव्हती. मी पाणी द्यायचे.

काल ते एप्रन परत घेऊन आले. खालून चार बोटं कमी केला आहे, खांद्याला दुहेरी शिवण, खिसा उजवीकडचा डावीकडे घेतला आहे, कारण मी डावरी आहे हे त्यांनी बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, किती द्यायचे. तर म्हणाले, "काय बाई, आपण दोघं एकाच दुःखातले."

मी एप्रन घातला. अगदी मापात आहे.

तुझ्या सांगण्याप्रमाणे लिहून देते असं मी अजून म्हटलेलं नाही. लिहून देताना "कुठे हरवली" असा रकाना आहे. तिथे काय लिहू?

आई


१७ फेब्रुवारी

खारू,

प्लेट सापडली.

प्रेसच्या मागे भिंतीत जो कोनाडा आहे, जिथे बाबा मोडके ठसे ठेवायचे, तिथे तेलाच्या डब्याच्या मागे होती. मळक्या फडक्यात गुंडाळलेली. उजवा कोपरा आत वळला आहे आणि मधला नऊ चेपला आहे. सात आणि चार मात्र जसेच्या तसे आहेत.

आता तुला एक सांगते, ते तुझ्या बाबांच्या बाजूनेही आहे आणि विरुद्धही. तू दुकानात वाढलास, तुला कळेल, दुसऱ्या कुणाला कळणार नाही. वाकलेली प्लेट नाहीशी करायला काय लागतं? नदीत टाकता येते. भंगाराच्या ढिगात टाकता येते. पत्र्याचा तुकडा तो. पण तीस वर्षं ज्या माणसाने एकही जुनी प्लेट कातरल्याशिवाय आणि जमा केल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ दिली नाही, त्याचा हात तसा वळला नाही. जमा करावी तर यादीत नंबर लिहावा लागणार. म्हणून त्यांनी ती ठेवली. नुसती ठेवली नाही. तिला चिठ्ठी बांधली आहे, जमा करायच्या प्लेटीला बांधतो तशी, सुतळीने, दोन गाठी मारून. त्यांच्या अक्षरात नंबर. तारीख अठरा नोव्हेंबर. खाली "कारण" असतं ना, गंज, वाकलेली, चोरी, अपघात, त्यांपैकी एकावर खूण करायची. त्यांनी "वाकलेली"वर खूण करायला हरकत नव्हती, वाकलेली तर होतीच. त्यांनी "अपघात"वर केली आहे.

दुसरी प्लेट त्यांनी पुस्तकात न लिहिता दाबली. ते त्यांना जमलं. चिठ्ठीवर खोटं लिहायला जमलं नाही.

काल ऑफिसात गेले होते. प्लेट नेली नव्हती, नुसतं बोलले. भाऊजींना म्हटलं, समजा जुनी सापडली आणि वाकलेली असली, तर? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना काय आणि किती ठाऊक आहे ते मला सांगता येणार नाही, पण वीस वर्षं ते त्या खिडकीत बसून लोकांची तोंडं बघतात. खिडकीची काच खाली ओढून म्हणाले, "वहिनी, सापडली असेल तर मधोमध कापा आणि ह्या महिन्याच्या पोत्यात टाका. पोतं मी स्वतः उतरवून घेईन. यादीत एक नंबर वाढला तर वाढला, कोण बघतंय? पोतं भट्टीत जातं. तुमचा परवाना झाला, गाडी गेली, विषय संपला."

मी म्हटलं, "आणि तारीख?"

"कसली तारीख? चिठ्ठी नवीन बांधा की."

वाईट मनाने नाही म्हणाले. घरी आल्यावर मी तेच करायला बसले होते. प्लेट टेबलावर ठेवली, मोठी कातर घेतली, पातं बरोबर मधे, नऊवर ठेवलं. नियमच तसा आहे. जुनी प्लेट अखंड ठेवणं हा गुन्हा, कापून टाकणं हे आपलं काम. इतका सोपा गुन्हा मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. नियमाप्रमाणेच होतो.

दांडा खाली दाबला नाही. का ते अजून नीट सांगता येत नाही. एप्रनचा खिसा डाव्या हाताला लागला, एवढंच.

आई


२३ फेब्रुवारी

खारू,

तू फोन ठेवलास, म्हणून उरलेलं लिहिते.

दुपारी भरदुकानात फोन आला आणि तुझा आवाज आला तेव्हा मला आधी आनंदच झाला. हे तुला सांगायचं राहिलं. आवाज जाडा झाला आहे. तू म्हणालास, "आई, तू ती ठेवलीस का अजून? काप की!" मी म्हटलं, जेवलास का. तू म्हणालास, "तू वेडी झालीयेस का? मला आत घालणारेस?" समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, मला बोलता येईना. तू म्हणालास, "बाबा असते तर असं केलं नसतं त्यांनी." मग टक्.

बाबांनी नसतंच केलं. तुझं बरोबर आहे. त्यांनी जे करायचं ते केलं आणि पुढची तीन वर्षं सात-चार ह्या आकड्यांना हात लावला नाही. कुणाच्याही गाडीच्या नंबरात ते एकापुढे एक आले की कागद गुपचूप माझ्याकडे सरकवायचे. आणि पहिल्या सोमवारी सकाळपासून त्यांना जेवण जायचं नाही. दवाखान्यात ते "जमा करायची राहिलीय" म्हणाले, ते पोत्याबद्दल नव्हतं. पोतं तर त्यांनी आदल्याच आठवड्यात दिलं होतं. हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि तरी मी सगळ्यांना पोत्याची गोष्ट सांगितली, तुलाही.

मागच्या पत्रातही मी खोटं लिहिलं. प्लेट मला आता सापडलेली नाही. ती कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

त्या दिवशी तू सात वाजता आलास. मित्राकडे रात्रभर होतास, तोंडाला वास होता. तू बाबांना म्हणालास, कुत्रं आडवं आलं. बाबांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे, आणि दुकान उघडायला गेले. मी बादली आणि साबण घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. बंपर धुतला, दिवा धुतला. प्लेटीचा कोपरा आत वळला होता आणि त्या वळलेल्या जागेत कापडाची चिंधी अडकली होती, निळी, बोटभर. कडेला हातशिलाईची दुमड होती, बारीक आणि एकसारखी. ती मी चिमटीने ओढून काढली. कुत्री निळं घालत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. तुला विचारायला हवं होतं, कुठे, कुणाला, चल परत जाऊ. तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं नव्हतं, पण नंतर हिशोब केला. ती गेली ती सहा पंचावन्नला. म्हणजे मी विचारलं असतं तरी उपयोग नव्हता, असं मी स्वतःला तीन वर्षं सांगते आहे. पण चिंधी ओढताना मला हे माहीत नव्हतं. तेव्हा माझ्या लेखी ती जिवंत असू शकत होती, आणि मी चिंधी चुलीत टाकली आणि हात धुतले.

दोन आठवड्यांनी शिंपी आले. म्हणाले, "तिच्या अंगात शाळेचा निळा कोट होता. मीच शिवला होता. कडेला मशीन मारली नव्हती, हाताने दुमडली होती, तिला तसं आवडायचं." मी आत जाऊन पाणी आणलं.

तू नुसता घाबरलास, बाळा. एकवीस वर्षांचा होतास. तू गाडी थांबवली नाहीस त्याला मी समजू शकते, कधी कधी, बऱ्या दिवशी. मी चाळीशी ओलांडलेली, शहाणीसुरती बाई, अंगणात शांतपणे बादली घेऊन उभी होते. म्हणून मी हे तुला आत घालायला करत नाही. तुला एकट्याला तर नाहीच.

शिंपी २ मार्चला येतील. तुला आठवडा आहे. ये. आपण दोघं मिळून त्यांना सांगू आणि प्लेट घेऊन चौकीत जाऊ. तुझ्या तोंडाने तू सांगितलंस तर ते वेगळं असेल, कायद्यात किती वेगळं ते मला ठाऊक नाही, पण त्यांना ऐकताना वेगळं असेल. मी तुझ्या शेजारी उभी असेन. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. तू लहानपणी खिशातून आणून साठवायचास ते पत्र्याचे कपटे, ज्यांच्यावरून बाबांनी तुझं नाव खारू ठेवलं, ते अजून डब्यात आहेत.

नाही आलास तर मी एकटी जाईन.

आई


२ मार्च

खारू,

तू आला नाहीस. सकाळच्या दोन्ही बसेस मी दुकानातून बघितल्या. दुसऱ्या बसमधून तुझ्या चणीचा एक जण उतरला आणि उलट्या बाजूने गेला.

शिंपी अकराला आले. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. ते स्टुलावर बसले, टेप बोटाला गुंडाळली आणि नेहमीचं विचारलं. मी प्लेट त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी आधी आकडे बघितले नाहीत. आधी चिठ्ठी बघितली. तारीख वाचली, कारण वाचलं. मग अंगठा त्या वळलेल्या कोपऱ्यातून फिरवला, कापडाची कड तपासतात तसा, हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी बोलत होते. तुझं सांगितलं, बाबांचं सांगितलं, बादलीचं सांगितलं, चिंधीचं सांगितलं. चिंधी म्हटल्यावर त्यांनी मान वर केली.

"केवढी होती?"

मी बोट दाखवलं.

"दुमड?"

"हातशिलाईची."

"हं," म्हणाले. बाहेर गिऱ्हाईक शटर वाजवून गेलं. मग म्हणाले, "छत्तीस वेळा आलो असेन मी इथं."

"हो."

"छत्तीस वेळा पाणी प्यायलोय."

मी एप्रनच्या नाड्या सोडायला लागले. का कोण जाणे, तो अंगावर ठेवणं होईना. गाठ पाठीमागे होती, ती सुटेना. ते उठले, मला वाटलं मारतात, मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हात वर केला.

"राहू द्या. तो दुसऱ्या कुणाला व्हायचा नाही."

आम्ही दोघं पायी चौकीत गेलो. प्लेट त्यांच्या काखेत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. फौजदार नवे आहेत, त्यांना बाबा माहीत नव्हते, ते एका परीने बरं झालं. त्यांना आधी वाटलं, हरवलेली प्लेट सापडली म्हणून आलो आहोत. म्हणाले, "ते आरटीओत जा बाई, इथे नाही." मी म्हटलं, हरवली नव्हती. मग त्यांनी पेन काढलं. सगळं लिहून घ्यायला अडीच तास लागले. मी प्रत्येक पान वाचून सही केली. त्यांनी एके ठिकाणी "बाईने गाडी धुतली असावी" असं लिहिलं होतं. मी ते "धुतली" असं करून घेतलं.

माझ्यावरही गुन्हा आहे, पुरावा नष्ट करणे. आज घरी सोडलं, बोलावतील तेव्हा जायचं. परवाना अर्थातच नाही. भाऊजी पंचनाम्याला आले होते, माझ्याशी बोलले नाहीत. दुकानाला सील लावताना लाख गरम करायला पेटवलेली त्यांची काडी दोनदा विझली, म्हणून तिसरी मीच पेटवून दिली. प्रेस आत राहिली आहे. ठसेही. मांजराची पिल्लं तेवढी मी घरात आणली.

प्लेटीची पावती फौजदारांनी मला दिली. "जमा करणाऱ्याचे नाव" इथे माझं नाव आहे. मी ती बाबांच्या पाकिटात, तुझ्या पत्त्याच्या चार तुकड्यांजवळ ठेवली.

तुझा पत्ता त्यांनी विचारला. मी लिहून दिला. पाकिटावर लिहिते तसाच, सुवाच्य अक्षरात, पिनकोडसकट.

फौजदार म्हणाले, तिकडच्या चौकीला कळवून त्यांची माणसं गुरुवारी तुझ्याकडे येतील. मी त्यांना विचारलं, मुलाला मी पत्र लिहिलं तर चालेल का. ते म्हणाले, "असं कळवायचं नसतं बाई." पण मग स्वतःच बाहेर तंबाखू खायला गेले. हे पत्र मी आत्ता टपालात टाकते आहे, तुला बुधवारी मिळेल. मधला एक दिवस तुझ्या हातात आहे. त्यात तू कुठेही जाऊ शकतोस, हे मला माहीत आहे. किंवा उठून जवळच्या चौकीत जाऊन स्वतःचं नाव सांगू शकतोस.

चौकीतून बाहेर पडल्यावर मी शिंप्यांना हे सांगितलं. त्यांच्यापासून आता काही ठेवायचं नाही असं ठरवलं आहे. म्हटलं, मी मुलाला एक दिवस आधी कळवणार आहे. त्यांनी टेप गळ्यातून काढून खिशात घातली. पहिल्यांदाच. रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे नीट बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तिला चाळीस मिनिटं मिळाली होती."

आई